कलाबाई कुठं जात नाहीत

"चपला बाहेर," रणनवरे मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

सभापती आवटे उंबऱ्यावरच थबकले. कासारपूर महापालिकेच्या परिवहन समितीचे ते सभापती. देऊळ सोडलं तर त्यांना पायातलं काढायला सांगणारी जागा गावात नव्हती. पण मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवत होत्या आणि त्यांच्यापुढे हॉलभर आमचं अख्खं गाव पसरलेलं होतं. आवटेसाहेबांनी मुकाट्याने बूट काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मी दुसरीकडे बघितलं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा कासारपुरात ट्राम नव्हती, ट्रामची नुसती बोलणी चालली होती. बंद पडलेल्या एका म्युनिसिपल शाळेचा हॉल आम्हाला ऑफिस म्हणून दिला होता. मी, संजीवनी काळदाते, नुकतीच इंजिनियर होऊन तिथे लागले होते. तोंडाने फटकळ, कामाला बरी, असा माझा लौकिक होता. आणि मार्ग ठरवायचं काम होतं शैलजा रणनवरे मॅडमकडे. परदेशातल्या दोन शहरांच्या ट्रामचे मार्ग ह्या बाईंनी आखले होते. तिकडचं चांगलं चाललेलं सोडून साठीच्या तोंडावर त्या परत आल्या होत्या. का आलात, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "मराठी पाटी लावलेल्या माझ्या एका तरी ट्राममध्ये बसायचंय मला," त्या म्हणाल्या. एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही विसरले नाही.

जमिनीवर पसरलेल्या त्या गावाला आम्ही गोधडी म्हणायचो. मांडवाचं जाड कापड आणून मॅडमनी त्यावर रंगाऱ्याकडून रस्ते, नाला, रेल्वेलाईन, सगळं काढून घेतलं होतं. मग आमच्या पोरांनी घरोघरी जाऊन विचारलं, काल घरातलं कोण कुठून कुठे गेलं. जिथून माणसं निघतात तिथून ती जातात तिथपर्यंत मॅडम लोकरीचा दोरा शिवायच्या. जास्त माणसं, जास्त दोरे. जिथे दोरे दाटतील तिथून ट्राम. कॉम्प्युटरमध्येही हे सगळं भरलेलं होतं, पण मॅडमना ते हाताखालून गेल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आवटेसाहेब मोज्यांनी रेल्वे स्टेशनवर उभे राहिले. तिथून लाल, पिवळ्या, निळ्या दोऱ्यांचा जाड पट्टा बायपासने विद्यानगरकडे आणि पुढे एमआयडीसीकडे गेला होता. तो बघून त्यांचा चेहरा खुलला. बायपासला त्यांचे प्लॉट होते, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"म्हणजे बायपास नक्की?"

"दोरे तसं म्हणतायत," मॅडम म्हणाल्या.

"मग एक विनंती. तेवढी आमच्या कॉलेजवरून वळवा. हाकेच्या अंतरावर आहे. आत शिरायचं, पोरं घ्यायची, परत बाहेर."

"आवटेसाहेब, एसटीने गेलाय कधी? गाडी मध्येच फाटा सोडून एखाद्या गावात शिरते, दोन माणसं घेते आणि पुन्हा त्याच फाट्यावर येते. आत बसलेले काय करतात?"

"शिव्या घालतात."

"एसटीचा फाटा उद्या बदलता येतो. रूळ बदलत नाहीत. तुमच्या नातवंडांच्या वयाची माणसं रोज तिथे तुमचं नाव घेतील. मी फाट्यावर स्टॉप देते, तुम्ही कॉलेजपर्यंत सावलीचा फुटपाथ करा. पोरं चालतील."

आवटेसाहेब हसले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, पण त्या बाईंपुढे चिडायची सोयच नसायची. त्यांनी बूट घालताघालता गोधडीकडे एकदा वळून बघितलं आणि बोट केलं. "तिथे काहीच नाही?"

नाल्याच्या पूर्वेला कापड कोरं होतं. आजूबाजूला दोऱ्यांची दाटी आणि मध्ये एवढा मोठा तुकडा, डोक्याला चाई पडावी तसा.

"विडी कॉलनी आहे ती," मी म्हणाले. "तिथून दोन-चार पुरुषमाणसं कामाला जातात. बाकी बायका घरात विड्या वळतात."

"हां, मग त्या कुठे जाणार," असं म्हणून ते गेले. समितीची बैठक तोंडावर आली होती. मुंबईहून सचिव यायचे होते, त्यांनी मान डोलावली की मार्ग कायम.

मॅडम मात्र त्या कोऱ्या तुकड्याजवळ सरकून बसल्या. "संजीवनी, तू कुठली गं?"

"तिथलीच."

"तुझी आई कुठे जात नाही?"

"नाही. आमच्या घरचा फॉर्म मीच भरलाय. अण्णांनी सांगितलं, ती कुठं जातीय, घरीच असती. आईही तेच म्हणाली."

मॅडमनी सुई कापडात टोचून ठेवली. "मला उद्या जेवायला बोलव तुझ्या घरी."

आमच्या घरी पाहुणा जेवायचा म्हणजे आईची त्रेधा. पण मॅडम आल्या त्या सरळ स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसल्या. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, हात धुतले, भाकरी थापायला घेतली. अण्णा बाहेरच्या खाटेवर होते. कापडाचे माग बंद पडल्यापासून ते तिथेच असायचे आणि घरातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच द्यायचे.

"वहिनी दिवसभर घरीच असतात का?" मॅडमनी मुद्दाम विचारलं.

"तर वो," अण्णा खाटेवरून म्हणाले. "उंबरा ओलांडत न्हाई. कलावती काळदाते बाहेर फिरताना कुणी बघितली म्हणून सांगू द्या." हे ते अभिमानाने सांगत होते. आईही पदर सावरून होकाराची मान हलवत होती.

मॅडमनी भरल्या वांग्याचा घास घेतला. "वांगी सुरेख आहेत. कुठली?"

"मंगळ पेठेतली. इथल्या वांग्याला चव नाही बघा. विडी द्यायला गेले की येताना घेऊन येते."

"विडी कुठे द्यायची?"

"विडी कंपनीच्या ब्रँचला. नाल्याच्या पलीकडं."

"कधी जावं लागतं?"

"रोज की. आजचा माल दिल्याशिवाय उद्याचं पान-तंबाखू कोण देतंय? त्यात चेकर मेला विड्या खराब म्हणून छाट काढत बसतो, म्हणून सकाळी लवकर गेलेलं बरं. नातवाला बालवाडीत सोडायचं आणि तसंच पुढं." आई भाकरी उलटत बोलत होती, तिचं लक्ष तव्याकडे होतं. "सध्या तेवढी ओढाताण आहे. जाऊबाईंना मोठ्या दवाखान्यात ठेवलंय ना, त्यांना डबा. आणि आज रेशनचं धान्य आलंय म्हणे, तिथं नंबर लावायचाय. तुम्ही घ्या ना, चटणी घ्या."

मॅडमचा घास हातातच राहिला होता. मी माझ्या आईकडे बघत होते. ह्यातलं मला काहीच नवीन नव्हतं, आणि मी हे ह्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"वहिनी," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही कुठे जात नाही म्हणालात."

"नाहीच जात."

"मग हे सगळं?"

"हे काय सांगायचं?" आईला हसू आलं. "कामाला जाऊन येते, मिरवायला जाते का मी? आणि परक्या पोरानं दारात उभं राहून विचारायचं, काल कुठं कुठं गेलता, आणि बाईनं सासऱ्या-नवऱ्यादेखत पाढा वाचायचा? लोक काय म्हणतील, हिचा पाय घरात ठरत नाही." मग तिला काही तरी आठवलं. "संजी म्हणत होती, तुमची ती ट्राम इकडून जाणार नाही."

"नाही."

"का वो?"

"तुम्ही कुठे जात नाही, असं आम्ही लिहिलंय."

"बरोबरच आहे की मग," आई म्हणाली आणि तिने मॅडमच्या पानात दुसरी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आईबरोबर निघाल्या. मीही मागे. आईने विड्यांची पिशवी डोक्यावर घेतली, नातवाला, माझ्या भावाच्या पोराला, काखोटीला मारलं. नाल्यावर पूल नाही, पाण्याचा मोठा पाइप आहे, त्यावरून बायका ओळीने जात होत्या. कुणाच्या डोक्यावर पिशवी, कुणाच्या हातात डबा, कुणाचा हात म्हातारीच्या हातात. मॅडम पाइपवरून जाताना एकदा डगमगल्या, तेव्हा आईने मागे हात करून त्यांना धरलं. पलीकडच्या चढावर एक दगड आहे. आई त्यावर बसली. गुडघे दाबले, उठली. मला वाटलं, आज दमली असेल. पण तो दगड बसूनबसून गुळगुळीत झाला होता, आणि तिच्यामागच्या दोन बायका तिची उठायची वाट बघत उभ्या होत्या.

मॅडम दुपारी ऑफिसात आल्या त्या गोधडीवर, त्या कोऱ्या तुकड्यावरच जाऊन बसल्या. साडीला नाल्याचा चिखल तसाच.

"प्रश्न मी लिहिला होता," त्या म्हणाल्या. "घरातल्या कर्त्याला विचारा, हेही मीच सांगितलं. पोरांना दारात मीच उभं केलं. मी बाई असून मला हे सुचू नये."

"मॅडम, बैठक परवावर आलीय. आता ह्या वस्तीचे चार दोरे वाढवू आणि राहू देऊ. पुढच्या टप्प्यात बघता येईल."

"पुढचा टप्पा म्हणजे किती वर्षं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही."

"पण तुम्ही सचिवांसमोर जाऊन म्हणणार, माझं गणित चुकलं? ते तुम्हालाच काढतील. आवटे तर वाटच बघतायत." माझा आवाज चढला होता. "तुमची ट्राम, मॅडम. त्याच्यासाठी आलात ना तुम्ही?"

"बहुतेक काढतील," त्या म्हणाल्या. सगळं कळून म्हणाल्या. मग आजूबाजूला चाचपायला लागल्या. "लोकर किती उरलीय बघ. आणि सुया लागतील. ही गोधडी उचलायला कुणाला तरी बोलव, आपण तुमच्या समाजमंदिरात नेऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पुरुष पारावर आणि पोरं शाळेत, अशा वेळी आम्ही समाजमंदिरात गोधडी पसरली. आईने निरोप दिला होता. बायका आल्या, सुपं घेऊनच आल्या. मॅडमनी चांगल्या शब्दांत विचारून बघितलं. काल कुठे कुठे गेलात? सगळ्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, कुठं नाही. मागच्या भिंतीला टेकून एक सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर आणखी काय म्हणणार. मी कपाळाला हात लावला.

मॅडम म्हणाल्या, "बरं, बोलू नका. सुई घ्या. हे तुमचं घर. हा नाला, ही मंगळ पेठ, हा मोठा दवाखाना. काल पाय जिथे जिथे लागले तिथे तिथे टाका घालत जा. तोंडाने काही सांगायचं नाही."

मग आई पुढे झाली. तिने आमच्या घरावर गाठ मारली आणि टाका घातला. बालवाडी. नाला. ब्रँच. तिचं बघून शेजारची शेवंता बसली. मग काय विचारता. विड्या वळणारे हात ते, सुई कुठे होती आणि कुठे निघाली ते दिसायचं नाही. एकीचा दोरा दुसरीच्या दोऱ्याला लागून चालला. दवाखान्यापाशी तर इतकी दाटी झाली की कापड चुण्या पडून वर आलं.

"शेवंते, तुझा दोरा टॉकीजपाशी कसा गं गेला?" कुणी तरी विचारलं.

"भांडी घासायला जाते तिथं मॅनेजरच्या घरी," शेवंता म्हणाली.

"तिकिटाच्या खिडकीवरनं गेलाय बाई दोरा."

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्या सासूबाई उठल्या. शेवंताने घाईघाईने टाका उसवायलाच घेतला. सासूबाई गोधडीपाशी आल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि म्हणाल्या, "मला दिसत नाही. कुणी तरी माझे टाके घाला. इथनं दवाखाना. दवाखान्यातनं भजनाला, पार त्या टोकाला. आणि येताना शेवंताच्या टॉकीजवरनं."

त्या दिवशी बायकांनी जेवढं शिवलं तेवढं आम्ही महिनाभर शिवलं नव्हतं. मी कडेला बसून सुयांत लोकर ओवून देत होते. आईने माझ्यापुढे हात केला. "संजे, लोकर संपली."

"संपली? मघाशीच तर दिली."

"अजून रेशनला जायचंय आणि परत यायचंय," ती म्हणाली. मी तिला माझ्याजवळची सगळी लोकर दिली. मला तिच्याकडे बघवेना.

बैठकीला महापालिकेच्या सभागृहात मॅडम सचिवांनाही म्हणाल्या, "चपला बाहेर." त्यांनी काढल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी काढल्या. आम्ही गोधडी पसरली. बायपासचा पट्टा होता तिथेच होता. पण नाल्याच्या पूर्वेला आता कापडाचा रंग दिसत नव्हता. विडी कॉलनीतून मंगळ पेठेवरून मोठ्या दवाखान्यापर्यंत एवढा जाड दोरखंड गेला होता की सचिव त्याला अडखळले.

"हे कुठून आलं?" त्यांनी विचारलं. "पाठवलेल्या अहवालात हे नाही."

"नाही. अहवाल चुकीचा आहे," मॅडम म्हणाल्या. "बायपासने ज्यांचे दोरे आहेत त्यांच्यापैकी निम्म्यांकडे मोटारसायकल आहे. ट्राम नाही आली तरी ते पोचतील. इथल्या बायका डोक्यावर ओझं घेऊन नाल्याच्या पाइपवरून रोज जातात. त्यांना मी मोजलं नव्हतं. पहिला मार्ग इथून जायला हवा. विडी कॉलनी, नाल्यावर पूल, मंगळ पेठ, स्टेशन, दवाखाना. रस्ता अरुंद आहे, काम अवघड होईल, पण होईल."

आवटे उठले. "साहेब, आजवर बाई बायपास म्हणत होत्या. आज बायका जमवून भरतकाम करून आणलंय. उद्या तिसरंच काही म्हणतील."

सचिव माणूस शांत होता. "आवटेसाहेब म्हणतायत त्यात तथ्य आहे, मॅडम. चूक कुणाची म्हणायची? सर्व्हे करणाऱ्या पोरांची?"

त्यातली एक पोर, म्हणजे मी, मॅडमच्या शेजारीच उभी होते.

"माझी," मॅडम म्हणाल्या. "प्रश्न माझा होता. पोरांनी मी सांगितलं तेच विचारलं."

सचिव गोधडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी ह्या वस्तीची नव्याने पाहणी करायला लावतो. तुम्ही म्हणाल तशी, बायकांकडून बायकांना विचारून. हेच निघालं तर मार्ग बदलू. पण जिचं गणित एकदा चुकलं तिच्याच सहीने मी एवढं काम पुढे नेऊ शकत नाही. तुम्हाला बाजूला व्हावं लागेल. किंवा आहे तो अहवाल आज मंजूर करतो, काम तुमच्याकडेच राहील. विचार करायला वेळ हवा असेल तर घ्या."

"पाहणी करा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वेळ घेतला नाही. जेवताना कुणी मीठ मागावं आणि आपण द्यावं, इतक्या सहज त्या बोलल्या. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं बघितली, पण तेवढं मोठं काम तेवढ्या सहज सोडून देणारं माणूस पुन्हा बघितलं नाही.

पायऱ्यांवर मी रडायला लागले. मॅडम गोधडीच्या घडीवर बसून चपलेचा पट्टा लावत होत्या.

"रडतेस काय? सुया मोजून घेतल्यास का? पायात जातील कुणाच्या तरी."

"तुमची ट्राम गेली, मॅडम."

"ट्राम कुठे गेली? ती येतेय. मी चाललेय," त्या म्हणाल्या, आणि लावलेला पट्टा सोडून पुन्हा लावला. "ही गोधडी तू ठेव. ऑफिसात ठेवलीस तर उंदीर खातील."

पाहणीत तेच निघालं, जरा जास्तच निघालं. मार्ग बदलला. नाल्यावर पूल झाला, पूर्वेला रूळ पडले. मॅडमच्या जागी आलेले साहेब भले होते, त्यांनी काम चोख केलं. स्टेशनपाशी कोनशिला बसली. तिच्यावर सचिवांचं नाव आहे, नव्या साहेबांचं आहे, आवटेसाहेबांचं तर सगळ्यात वर आहे. उद्घाटनाचं बोलावणं मी स्वतः मॅडमना फोन करून दिलं. त्या तेव्हा मिरजेला बहिणीकडे राहत होत्या. "गर्दी ओसरली की येते," म्हणाल्या.

गर्दी ओसरायला बराच काळ गेला. एक दिवस सकाळी त्या न कळवता आमच्या दारात उभ्या राहिल्या. केस पार पांढरे, डोळ्यांना जाड भिंगं. मी रजेवर होते म्हणून घरात. अण्णा खाटेवर. आई पायात चपला सरकवत होती, काखेत पिशवी, हातात डबा.

"कलाबाई, कुठे निघालात?" मॅडमनी विचारलं.

"कुठं नाही वो," आई म्हणाली. "चला, येताय का तुम्ही पण?"

दोघी गेल्या. मी पाठोपाठ निघाले होते, तर आईने मागे वळून मला हाताने घरात ढकललं. भाताला कुकर लाव म्हणाली. दारातून मला स्टॉप दिसत होता. ट्राम आली. मराठी पाटी, विडी कॉलनी ते मोठा दवाखाना. आईने आधी पाय ठेवला, मग मागे हात करून मॅडमना वर घेतलं, पाइपवर धरलं होतं तसंच. त्यांना खिडकीशी बसवलं. ट्राम हलली तेव्हा आई बाहेर बोट करून काहीतरी सांगत होती आणि मॅडम त्या बोटाकडे बघत होत्या.

दुपार टळली तरी पत्ता नाही. मी अण्णांना विचारलं, कुठे गेल्या असतील ह्या?

"कोण, तुझी आई?" अण्णा म्हणाले. "ती कुठं जातीय. असंल हितंच."

उन्हं कलली तेव्हा दोघी आल्या. मॅडमच्या खांद्यावर आईची पिशवी होती, पिशवीतून वांग्यांची देठं वर आली होती. त्या दमल्या होत्या आणि चेहरा असा फुललेला होता की माहेरवाशीण म्हणावी. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "संजीवनी, ती गोधडी आहे का गं अजून?"

मी ती कपाटातून काढून ओसरीवर मावेल तेवढी पसरली. मॅडम विडी कॉलनीपाशी बसल्या, सगळ्या बायकांच्या दोऱ्यांवरून एकदा हात फिरवला.

"ह्यात माझा एक राहिलाय," त्या म्हणाल्या. "मला ओवता येत नाही आता. कुणी ओवून देईल?"

आईने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई ओवून त्यांच्या हातात दिली, आणि मॅडमनी आमच्या घरापासून पहिला टाका घातला.